वाडीत आखलेलं घर

ललिताबाई सकाळी देवासाठी फुलं तोडायला घरामागच्या वाडीत उतरल्या, आणि आपण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभ्या आहोत असं त्यांना सांगण्यात आलं. सांगणारी त्यांची सून मोना. खिडकीतून, हातात चहाची गाळणी धरून. "आई, तुम्ही माझ्या किचनमध्ये उभ्या आहात," ती म्हणाली आणि हसली. ललिताबाईंनी खाली पाहिलं. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यावरून, कोचईच्या अळवासारख्या पानांखालून, जांबाच्या झाडाला वळसा न घालता सरळ त्याच्या बुंध्यावर चढून पलीकडे उतरलेली पांढऱ्या फक्कीची रेघ. तिला काटकोनात दुसरी. पुढे तिसरी. चौकोनाला चौकोन चिकटलेले, आणि त्यांतल्या एकात त्यांचे अनवाणी पाय, बोटांच्या बेचक्यांत फक्की गेलेली. दव होतं म्हणून ती चिकटली, झटकली तर आणखी पसरली. पाय झटकताना त्यांना राग आला की आपल्याच वाडीत आपण पाय का झटकतोय. रागाला एकदा वाट मिळाली की तो थांबत नाही. तो मोनाच्या हसण्यावर गेला, गाळणीवर गेला, चहा गाळून झाल्यावर ती गाळणी न विसळता ओट्यावर आपटून ठेवायच्या सवयीवर गेला, आणि तिथून मोनाच्या नागपूरच्या माहेरापर्यंत जाऊन पोचला, जिथे म्हणे सगळ्यांना वेगवेगळ्या खोल्या होत्या.

वाडीच्या टोकाला सुखराम मिस्त्री उकिडवा बसून दोरी गुंडाळत होता. ललिताबाई रेघा तुडवत त्याच्याकडे गेल्या.

"सुखराम, कोणाले इचारून आखलं हे?"

"भुपेनभाऊनं बलावलं, काकू. म्हणे आई मानली. मी म्हटलं, काकू मानल्या म्हणजे वैनगंगा उलटी वाहाली. पण म्हणे मानली, सकाळीच येऊन जा."

"मी कवा मानली?"

"थे मी कसा सांगू. मी तं दोरी धरणारा माणूस. वरतून तुमच्या झाडाले हात नाही लावला, पाहून घ्या. झाडाचं मंग पाहू."

मंग म्हणजे कधी, हे त्यांनी विचारलं नाही. आत येऊन पाय धुतले. त्यांचा मुलगा भुपेंद्र वरठीच्या कारखान्यात जायला निघाला होता, बूट घालत बसला होता. त्याच्या पाठीकडे बघत त्यांनी तेच विचारलं. त्याने मान वर केली नाही. "काल काल्यात तूच तं मोनाचे पाय धरले ना, आई. साऱ्या मोहल्ल्यासमोर. रात्रभर रडली ते. म्हणे आईनं एवढं केलं, आता माह्या मनात काही नाही. मंग मी सुखरामले फोन केला." बुटाची नाडी आवळली, मोटारसायकलला लाथ मारली आणि तो गेला. सत्तेचाळीस गोष्टी ललिताबाईंच्या तोंडाशी आल्या होत्या, त्या तिथेच राहिल्या. तोंडात राहिलेल्या बोलण्याची एक चव असते. न पिकलेल्या जांबासारखी, जीभ आखडून टाकणारी. ती चव घेऊन त्या देवापुढे बसल्या आणि फुलं वाहायला हात पुढे केला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की फुलं आणायचीच राहिली.

पाय धरले. त्यांनी तो शब्द मनात फिरवून पाहिला. काल सप्ताहाची समाप्ती होती, काल्याचं कीर्तन होतं. सात दिवस त्या मंदिरापुढच्या मांडवातच होत्या, घरी फक्त निजायला. कीर्तन ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यात ललिताबाईंना कुणाचा राग येत नसे. टाळ सुरू झाले की आधी कान, मग छाती, मग तळपाय धरतात, आणि सगळं अंग एका चालीत आलं की माणूस स्वतःचा राहत नाही. महाराजांनी काल दृष्टांत दिला होता, एका माणसाने ब्राह्मणाला गाय दान दिली, पण दावं काही हातातून सोडेना. ब्राह्मण गाय ओढतो, हा दावं ओढतो, गाय बिचारी मध्ये. मांडव हसून हसून लोळला. ललिताबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना वाटून गेलं की महाराजांना हे सांगितलं कोणी. दुपारी महाराजांना जेवायला वाढायला मोना गेली होती. पण तेवढ्यात मृदंगावर थाप पडली आणि संशय धुऊन निघाला. दहीहंडी फुटली. लाह्यांचा काला तोंडात पडला. आणि मग नेहमीचं, जे ह्या मांडवात पिढ्यांपासून चालत आलं होतं: लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. सासरा जावयाच्या, मालक गड्याच्या, म्हातारी शेंबड्या पोराच्या. समोर कोण हे बघायचं नसतं. पाया पडायचं ते माणसाच्या नाहीच, माणूस तिथे नुसता उभा असतो, खांबाला टपालाची पेटी लावलेली असते तसा. डोळ्यांत पाणी, नाकात दह्याचा वास, आणि ललिताबाई वाकत गेल्या, वाकत गेल्या. त्यातले एक पाय मोनाचे निघाले. जोडवी बघून त्यांना कळलं होतं का? कळलं असेल. पण त्या वेळी त्या जोडव्यांची मालकीण कोणी नव्हती.

आणि ह्या बाईने त्याची पावती फाडली. जे देवाच्या पेटीत टाकलं ते हिने आपल्या पत्त्यावर आलेलं समजून उघडलं.

घराचा विषय दोन पावसाळे चालला होता. भुपेंद्रला वेगळं राहायचं होतं, किंवा मोनाला राहायचं होतं आणि भुपेंद्रला तसं वाटायला लागलं होतं. भाड्याने नको, कारण भाडं म्हणजे पाण्यात पैसे. बाहेर जागा घ्यायची तर हायवेपासून नाक्यापर्यंत सगळीकडे भाव चढलेले. मग एक दिवस जेवताना तो म्हणाला की मागे एवढी वाडी पडलीच आहे. पडली आहे. मुनग्याला शेंगा, वेलाला वाल, विहिरीला पाणी, आणि वाडी पडली आहे. बँकेने सांगितलं, कर्ज देऊ, पण जागा कर्जदाराच्या नावाची पाहिजे. जागा तर सगळी ललिताबाईंच्या नावाची. त्यांच्या वडलांनी लाखनीकडची धानाची बांधी लेकीच्या वाट्याला दिली होती, ती विकून हा प्लॉट घेतला होता, आणि यादोराव, त्यांचे यजमान, स्वभावाने इतके सरळ की त्यांनी स्वतःचं नाव त्यात कुठे घुसवलं नाही. म्हणजे मागचा अर्धा भाग आईने मुलाला बक्षीसपत्र करून द्यायचा, तो त्याने बँकेकडे गहाण ठेवायचा, मग बँक पायव्याला थोडे, स्लॅबला थोडे असे पैसे सोडणार, आणि भुपेंद्र केस पांढरे होईस्तोवर हप्ते भरणार. बँकेचा माणूस पाहणीला आला होता. वाडीत उभा राहून मुनग्याकडे बघत म्हणाला, "नुसता बोजा बसतो, मावशी. जमीन काही कुठं जात नाही." ललिताबाई म्हणाल्या होत्या, "बसते तं खरं. उठते कवा?" तो हसला आणि मुनग्याच्या शेंगा घेऊन गेला.

त्यानंतर इंजिनिअर. त्याचा नकाशा दर महिन्याला बदलत असे. नगरपरिषदेचे नियम, चहूबाजूंनी एवढी जागा मोकळी सोडा, तेवढी सोडा. घर आकसत गेलं. आधी त्यात देवघर होतं. मग देवघराचं कपाट झालं, कपाटाचा कोनाडा झाला. ललिताबाई भाजी निवडत हे सगळं ऐकत होत्या आणि एक अक्षर बोलत नव्हत्या. नाही म्हणायचं असेल तर म्हण, भुपेंद्र ओरडायचा, म्हणजे मी मोकळा. त्या नाहीही म्हणत नव्हत्या. मोनाशी मात्र रोज भांडत होत्या, पण घरावरून नाही. मिठावरून, मोरीवरून, भात उपसायच्या झाऱ्यावरून. गेल्या महिन्यात तेही बंद झालं. मोना गप्प बसायला शिकली होती. त्या गप्प बसण्याने ललिताबाईंचे हात शिवशिवत.

दुपारी यादोराव पेपर घेऊन पडवीत बसले होते. ललिताबाईंनी त्यांना रेघांबद्दल सांगितलं, जणू त्यांना डोळे नव्हते.

"अवो, देऊन टाक ना," ते म्हणाले. "आपल्याले काय छातीवर बांधून न्यायची हाय?"

"तुमाले काय जाते द्याले. तुमी कवा काही लावलं त्या वाडीत?"

"मी नोकरी लावली," यादोराव म्हणाले, आणि पेपरच्या आड गेले. हा त्यांचा जुना विनोद. जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा कचेरीतल्या माणसांना तिकडे जाता का म्हणून विचारलं होतं. जो गेला तो चढला. ललिताबाई नाही म्हणाल्या, कारण जांबाचं रोप नुकतं धरलं होतं. यादोराव कारकून म्हणून लागले, कारकून म्हणून सुटले. हे ते कधी रागाने म्हणत नसत, आणि म्हणूनच ललिताबाईंना ते ऐकताना मांजरीने हात चाटून मग चावावं तसं होई.

"भुपेन आपल्या रक्ताचा हाय," पेपरमागून आवाज आला.

"रक्ताचा हाय म्हणूनच. परका असता तं कवाच देल्ली असती."

त्या उठून वाडीत गेल्या. आता ऊन वर आलं होतं आणि रेघा डोळ्यांना खुपत होत्या. दुसऱ्याच्या घरात शिरावं तशा त्या चोरट्या पावलांनी आत शिरल्या. ही बैठक. इथे वालाचा मांडव होता, म्हणजे अजून होताच, पण आता तो बैठकीत होता, येऊन उठायला विसरलेल्या पाहुण्यासारखा. ही निजायची खोली. तिच्या मधोमध कोचई. हे किचन, सकाळचं. पुढे एक लहान चौकोन, न्हाणी असावी, आणि तो चौकोन बरोबर त्यांच्या स्वतःच्या खिडकीसमोर येत होता. त्या एकेका खोलीतून फिरल्या. रेघ जिथे सोडलेली असते तिथे दार, एवढं त्यांना ठाऊक होतं. गल्लीकडे एक जागा सोडली होती. बैठकीतून आत एक, किचनला एक. त्या पुन्हा फिरल्या. घराकडच्या, म्हणजे त्यांच्या बाजूच्या रेघेवरून पावलापावलाने चालत गेल्या, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेघ कुठेच तुटली नव्हती. विहिरीजवळ थोडी फिकी झाली होती, त्यांना वाटलं इथे असेल, वाकून पाहिलं, तर तिथे नुसती कोंबडीने उकरलेली माती. अख्ख्या घराने त्यांच्याकडे पाठ करून ठेवली होती, आणि पाठीला न्हाणी बांधली होती. ऊन डोक्यात गेलं. इतके दिवस जे दुखत होतं ते जमिनीचं नव्हतंच, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं, आणि कळल्याने बरं वाटायच्या ऐवजी जास्तच संताप आला. जमिनीसाठी चिडणाऱ्या बाईला चारचौघांत तोंड तरी आहे. सून आपल्याकडे दार काढत नाही म्हणून चिडणाऱ्या बाईला काय आहे?

मोना बादली घेऊन कपडे वाळत टाकायला आली. दोरी जांबाला बांधलेली, म्हणजे ती बैठकीत आली. दोघींमध्ये ओल्या साडीचा पडदा. मग मोना साडीपलीकडून म्हणाली,

"आई, एक सांगा मले. सकाळी यांना तुम्ही म्हणे विचारलं, मी कवा मानली म्हणून. मग काल माझे पाय काहून धरले?"

"धरले नाही. पाया पडली. काल्यात सारेच पडतात."

"माझ्या पडल्या."

"थे पाय तुये नोहते."

"मग कोणाचे होते?"

"देवाचे."

चिमटा लावल्याचा आवाज आला. "बरं," मोना म्हणाली. "मी पण वाकली होती. तुम्ही पाहिलं नसेल. मले देव वगैरे काही दिसला नाही. तुमचेच पाय होते. डाव्या टाचेला भेग आहे, तिच्यात दही गेलं होतं. म्हटलं, ह्या बाईनं आपल्यासाठी एवढं केलं, आपण हिच्याबद्दल काय काय बोललो." तिने दुसरा चिमटा लावला. "जाऊ द्या. देवाचे तं देवाचे."

ललिताबाईंना डावी टाच एकदम जाणवली, पायाला आणखी एक तोंड फुटल्यासारखी. म्हणून त्यांनी हल्ला केला.

"माह्याकडून दार काहून नाही ठेवलं?"

"मीच नको म्हटलं."

"तेच इचारून राहिली. काहून?"

साडी बाजूला झाली. मोनाचा चेहरा घामेजलेला होता, आणि त्यावर भांडणाचा काहीच रंग नव्हता. "दार असलं तर तुम्ही याल. याल तर बोलाल. तुम्ही बोलून जाता आणि झोपता, आई. मले तुमचं घोरणं ऐकू येते. मले त्या रात्री झोप नाही लागत. चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणते हवा बदला. आता हवा कुठून बदलू, म्हटलं भिंत तरी बदलू."

ती बादली घेऊन निघून गेली. ललिताबाई तिथेच राहिल्या, बैठकीत, पाहुण्यासारख्या. भांडणानंतर त्यांना झोप छान लागते हे खरं होतं. कीर्तनानंतर लागते तशीच. भांडण त्यांना कधी वाईट वाटलंच नव्हतं. समोर टाळकरी उभा असावा, आपण ओळ टाकावी, त्याने ती उचलून परत टाकावी, चाल चढत जावी. मोना जवाब चांगला द्यायची, तिखट, तालात. ललिताबाईंच्या आयुष्यात इतका बरोबरीचा टाळकरी दुसरा आला नव्हता. यादोराव पेपरच्या आड, भुपेंद्र बुटांत. मनातल्या मनात त्या सुनेला आपल्या ओळीत धरून बसल्या होत्या, आणि ती पोरगी टाळ वाजवत नव्हतीच, ती कान झाकून उभी होती. एवढी वर्षं ज्याच्याशी लढलो तो लढतच नव्हता, नुसता सोसत होता, ह्याच्याएवढा दुसरा अपमान नाही. आधी सांगायचं होतं तिने. रडायचं होतं, ओरडायचं होतं. ललिताबाईंना तिची दया आली नाही. तिने फसवलं असं वाटलं. आणि त्याखाली, खोल, विहिरीत बादली बुडताना येतो तसा एक आवाज आला, तो त्यांनी ऐकायचं नाकारलं.

रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "कवा जायचं हाय रजिस्ट्रीले?" भुपेंद्रचा घास हातात राहिला. मोनाने वर पाहिलं नाही.

सोमवारी गेले. रजिस्ट्रीच्या कचेरीत बाकडी भरलेली, पंखा फिरतो पण वारा दुसरीकडे पाडतो. यादोराव साक्षीदार म्हणून इस्त्रीचा सदरा घालून आलेले. कागद वाचून झाले, पान-पानावर सह्या झाल्या. ललिताबाईंची सही मोठी, पाटीवर काढावी तशी. मग टेबलामागच्या बाईंनी, वयाने मोनाएवढ्याच असतील, चष्मा वर ढकलून विचारलं, "काकू, हे बक्षीसपत्र तुम्ही राजीखुशीने करून देताय ना? कोणाचा दबाव नाही?"

"दबाव कोणाचा चालते माह्यावर."

"म्हणजे राजीखुशीने."

हा एवढासा शब्द. मांडवात त्या वरच्या पट्टीत तासतास गात, कधी घसा बसला नव्हता. आता हा एकच शब्द त्यांना सुरात लागेना. त्या तिखट होत्या, खाष्ट होत्या, हे सगळा मोहल्ला सांगे; पण ललिताबाईने खोटी साक्ष दिली असं कोणी सांगू शकलं नसतं. त्यांच्याजवळ देवाला दाखवायला तेवढंच होतं.

"खुशीनं नाही," त्या म्हणाल्या. "पण देतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तसं नाही चालत, काकू. मग मला नोंदवता येणार नाही."

मागे रांग चुळबुळली. "आई, म्हणून टाक ना," भुपेंद्र दातांतून म्हणाला. "एक शब्द हाय. सुट्टी काढून आलो मी." यादोराव पुढे झाले, "मॅडम, तिच्या बोलण्याचं एवढं मनावर नका घेऊ, तिची तऱ्हाच तशी हाय, मी लिहून देतो पाहिजे तं." ललिताबाईंना वाटलं, हे दोघं. एकाला जन्म दिला, एकाबरोबर जन्म काढला, आणि दोघांना वाटतं की आपलं तोंड म्हणजे सुटलेला नळ, काय येतं ते बघायचंच नाही.

"राहू द्या," मोना म्हणाली. ती बाईंशी बोलत होती, शेजारणीची तक्रार सांगावी अशा थकलेल्या आवाजात. "नाही म्हणणार त्या. खोटं नाही बोलत. काहीही बोलतात, एवढं लागेल असं बोलतात की विचारू नका, पण खोटं मी एकदाही नाही ऐकलं त्यांच्या तोंडून." आणि तिने टेबलावरचे कागद गोळा करायला घेतले. सावकाश, कोपरे जुळवून, पुन्हा कधी लागणार नाहीत अशा कागदांना माणूस जुळवतो तसे.

ललिताबाई त्या हातांकडे बघत राहिल्या. कागद पिशवीत जात होते. बँक जात होती, भिंत जात होती, ह्या पोरीची झोप जात होती, आणि ती कोपरे जुळवत होती. वैऱ्यानेच फक्त आपल्याला नीट ऐकून घेतलं, हे किती वाईट आहे.

"ठेव थे कागद," त्या म्हणाल्या. मग टेबलाकडे वळल्या. "लिहा, बाई. राजीखुशीनं देतो."

"नक्की ना, काकू?"

"नक्की. मले लई खुशी हाय."

भुपेंद्रने श्वास सोडला. यादोराव म्हणाले, पहा, मी म्हटलंच होतं. मोनाने फक्त त्यांच्याकडे पाहिलं, तोंड थोडं उघडं, कोणी आपल्या समोर काहीतरी मोडावं आणि आवाज होऊ नये तसं. तिला कळलं होतं. तिथे तेवढं तिलाच कळलं होतं.

"अंगठा ठेवा," बाई म्हणाल्या. काचेखाली लाल उजेड होता. ललिताबाईंनी अंगठा ठेवला. यंत्राने घेतला नाही. पुसून ठेवला, तरी नाही. मातीत काम करणाऱ्यांच्या रेषा झिजतात, बाई म्हणाल्या, नीट दाबा. त्यांनी दाबला. नाही. तेव्हा मोना पुढे आली, न विचारता त्यांचा हात धरला, अंगठा ओढणीने पुसला, काचेवर टेकवला आणि आपल्या अंगठ्याने वरून दाबला. ललिताबाईंचं नख पांढरं पडलं.

"हळू," त्या म्हणाल्या. "दुखते."

"हळू धरलं तर घेत नाही ते," मोना म्हणाली, आणि धरून राहिली.